वरच्या ढगाचा रकाना

नाशिक रोडला राहणारा माणूस "मी छापखान्यात होतो" म्हणाला की ऐकणाऱ्याची नजर आधी त्याच्या खिशाकडे जाते. वाल्मीकनाना गायखे या नजरेला आयुष्यभर वैतागलेले. "नोटांची नाय, आमची प्रेस खासगी होती," असं ते लगेच सांगून टाकतात. मग तिथे काय छापायचात, असं कोणी विचारलं तर म्हणतात, "ते सांगता येत नाय." निवृत्तीला तीन वर्षं झाली तरी सांगता येत नाही. तिथे परीक्षांच्या प्रश्नपत्रिका छापल्या जायच्या हे आमच्या सोसायटीतल्या पोराटोरांनाही माहीत आहे. नानांची मात्र खात्री आहे की गुपित अजून त्यांच्यापाशीच आहे.

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते. नाव छाया, शाळेत विज्ञान शिकवते, आणि नानांना ढगांच्या नादाला मीच लावलं. त्यामुळे पुढे जे झालं त्यातला थोडा दोष माझ्या वाट्याला येतो. तो मी आधीच घेऊन टाकते, म्हणजे नंतर कोणाला वाटण्या करत बसायला नको.

नाना मोजणी खात्यात होते. सकाळी जेवढे कोरे कागद आत आले तेवढे संध्याकाळी दिसले पाहिजेत. मग ते छापलेले असोत, खराब झालेले असोत नाहीतर कोरेच उरलेले असोत. एक कागद कमी भरला तरी गेट उघडत नसे. शंभरेक माणसं डबे काखेत धरून उभी राहत आणि कागद सापडला की घरी जात. हिशेबाच्या तक्त्यावर दोन सह्या लागत, एक मोजणाऱ्याची आणि एक पडताळणाऱ्याची. चौतीस वर्षांत नानांचा एकही तक्ता परत आला नाही. हे ते स्वतः सांगतात, आणि ऐकून झालेल्यांनाही सांगतात. घरीसुद्धा हात गप्प बसत नाहीत. कुसाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, कपडे वाळत घातले की नाना चिमटे मोजतात. कपडे काढल्यावर पुन्हा मोजतात. "एक कमी हाय," असं ते म्हणाले की कुसाबाई अंबाड्याला लावलेला चिमटा काढून त्यांच्या हातावर ठेवतात.

तक्त्यावरच्या दोन सह्यांपैकी एक नानांची असे आणि दुसरी सहादू आहेरची. आज हा मोजणारा, तर उद्या तो. सहादू मूळचा नामपूरचा, आमच्याच सोसायटीत समोरच्या इमारतीत तळमजल्यावर राहतो. दोघं एका स्कूटरवर कामाला जायचे आणि एका डब्यात जेवायचे. एरवी सहादू तुमच्या-माझ्यासारखंच बोलतो, पण राग आला किंवा माया आली की त्याची अहिराणी वर येते. नऊ वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मोजणी सहादूची होती. घाई होती म्हणा, कंटाळा म्हणा, त्याने खराब कागदांचा ढीग न मोजताच आकडा लिहिला. आत आलेल्यांतून छापलेले आणि कोरे वजा केले, उरले ते खराब. नानांनी ते पाहिलं. सगळ्यांना थांबवून त्यांनी ढीग मोजायला लावला. आकडा तंतोतंत तोच निघाला.

"आकडा बराबर शे ना? मंग तुले काय?" सहादू म्हणाला.

"आकडा बरोबर हाय. मोजलेला नाय," नाना म्हणाले, आणि त्यांनी वर कळवलं.

सहादूची बदली बायंडिंगला झाली. तिथे सही करावी लागत नाही. निवृत्तही तो तिथूनच झाला. त्याच्या निरोपाच्या चहाला नाना गेले नाहीत, आणि मोजणीच्या त्या संध्याकाळपासूनच दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. गणपतीच्या आरतीला एक डावीकडे उभा राहतो, एक उजवीकडे, आणि प्रसादाचं ताट मधून फिरवावं लागतं.

आता ढगांचं. मागच्या दिवाळीनंतर मी शाळेतल्या मुलांसाठी एका परदेशी उपक्रमात नाव घातलं. पृथ्वीवर किती ऊन येतं, त्यातलं किती परत फिरतं आणि पृथ्वीवरून किती उष्णता बाहेर पडते, हे मोजणारी उपकरणं काही उपग्रहांवर बसवलेली आहेत. ती वरून बघतात. वरून ढगाची पाठ दिसते, पोट दिसत नाही. म्हणून उपग्रह डोक्यावरून जायच्या सुमारास खाली कोणीतरी उभं राहायचं, आभाळ बघायचं आणि कळवायचं, की आभाळाच्या दहा भागांतले किती भाग ढगांनी झाकलेत, आणि त्यात खालचे ढग किती, मधले किती, वरचे किती. आपल्याकडे ही वेळ दुपारी दीडच्या आसपास येते. मुलांनी नऊ दिवस उत्साहाने आभाळ बघितलं. दहाव्या दिवशी क्रिकेटची मॅच निघाली. पुढच्या रविवारी मी एकटीच आमच्या गच्चीवर मान वर करून उभी होते, तेव्हा नाना टाकीतलं पाणी बघायला वर आले.

"काय मोजताय, म्याडम?"

"ढग."

नानांनी आधी आभाळाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे, आणि कशासाठी म्हणून विचारलं. मग मी सांगितलं. सूर्याकडून येतं ती आवक. ढग, बर्फ, वाळू यांच्यावरून जे परत फिरतं ते गेटवरूनच माघारी गेलेलं. बाकीचं आत येतं, जमीन आणि पाणी तापवतं आणि उष्णता होऊन बाहेर जातं, ती जावक. नाना टाकीपासून येऊन माझ्यासमोर बसले. इतकं लक्ष देऊन माझं कोणी वर्गात ऐकत नाही.

"जुळतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही. थोडं आत राहतं."

"किती?"

"चौरस मीटरला साधारण एक वॅट. देवघरातला झिरोचा बल्बसुद्धा त्याहून जास्त खातो. पण हे सगळ्या पृथ्वीभर आणि रोज. म्हणून तर तापतेय."

नानांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "अन् तरी गेट उघडत्यात?"

"गेट नाहीये, नाना."

हा कारभार त्यांना फारच ढिला वाटला. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. "पडताळणी कोण करतं? एकट्या उपग्रहाच्या सहीवर कसं चालंल?"

मी म्हटलं, चालत नाहीच. आवक-जावकेतला फरक वाढतोय की कमी होतोय हे उपग्रहाला चांगलं कळतं, पण नेमका आकडा एकट्याला ठरवता येत नाही. आत राहिलेली उष्णता बहुतेक समुद्रात जाते. समुद्रात हजारो तरंगती यंत्रं सोडलेली आहेत, पाणी किती तापलं ते ती मोजतात, आणि मग दोन्ही आकडे ताडून बघतात.

"म्हणजे दुसरी सही समुद्राची," नाना म्हणाले. त्यांचं समाधान झालं. दुसऱ्या दिवसापासून गच्ची त्यांची झाली.

त्यांनी दोनशे पानी वही आणली, पट्टीने रकाने आखले, लाल पेन्सिलीला टोक केलं. जेवण साडेबाराला आटोपू लागलं. लासलगावला भाचीच्या लग्नाचा मुहूर्त एक पस्तीसचा निघाला तेव्हा नाना अक्षता मुठीत धरून मांडवाबाहेर आभाळ बघत उभे राहिले आणि अक्षता त्यांनी तिथूनच टाकल्या. सोसायटीतल्या बायका विचारायच्या, नाना, उद्या गहू वाळत घालू का? "उद्याचं मला इचारू नका. आत्ता काय हाय तेवढं सांगतो," नाना म्हणायचे. नोंद झाली की वही माझ्याकडे येई, मी फोनवरून आकडे पाठवत असे. वही इतकी स्वच्छ होती की मी ती वर्गात दाखवायला नेली. खालचे, मधले आणि वरचे ढग यांची बेरीज रोजच्या रोज एकूण ढगांइतकी, एकही दिवस इकडचा तिकडे नाही. विज्ञान शिकवणाऱ्या बाईला यात काहीतरी खटकायला हवं होतं. नाही खटकलं. आधी घेऊन टाकलेला दोष तो हा.

तिकडून अधूनमधून ईमेल येत. तुम्ही एवढं म्हणालात, उपग्रहाला एवढं दिसलं. एकूण ढग जुळायचे. खालचे ढग बरेचसे जुळायचे. वरच्या ढगांचं मात्र कधीच जमेना. नाना म्हणत तीन, उपग्रह म्हणे नऊ. नाना चार, उपग्रह दहा. आणि नेमका हाच रकाना मोलाचा होता, हे मी त्यांना सांगून बसले होते. खालचे जाड पांढरे ढग ऊन परत पाठवतात. वरचा पातळ ढग ऊन बरंचसं आत सोडतो आणि बाहेर जाणारी उष्णता धरून ठेवतो.

"येणाऱ्याला सलाम अन् जाणाऱ्याची झडती," नाना म्हणाले होते.

त्यामुळे हा घोळ त्यांना झोंबला. पाच-सहा ईमेल झाल्यावर त्यांनी निकाल दिला की उपग्रहात बिघाड आहे. मला समोर बसवून त्यांनी पत्र सांगितलं. "महोदय, आमचेकडील तक्ता सर्व दिवशी जुळलेला आहे. तरी आपल्या उपग्रहाची एकदा तपासणी करून घ्यावी, ही विनंती." मी ते टाइप केलं आणि इंग्रजी तपासून पाठवते म्हणून ठेवून दिलं.

"नाचता येईना अंगण वाकडं," कुसाबाई आतून म्हणाल्या. "मी रोज सांगती, आज उन्हाला धार नाय, वर पातळ पडदा हाय. हे म्हणत्यात, मोजलाय. कवा मोजला कोण जाणं."

एप्रिलच्या शेवटी कुसाबाईंनी कुरडया घातल्या. गच्चीवर बाज टाकली, तिच्यावर जुनं पातळ अंथरलं, त्यावर कुरडया, आणि कावळ्या-चिमण्यांसाठी वरून अख्ख्या बाजेवर मच्छरदाणीची जाळी. नाना सव्वाला वही घेऊन वर गेले. थोड्या वेळाने कुसाबाई माझ्या दारात. "म्याडम, चला लवकर. ह्ये बाजंखाली जाऊन पडल्यात अन् बाहेर येईनात. ऊन लागलं का काय."

मी धावत वर गेले. बाजेखालून नानांचे दोन पाय बाहेर आले होते. लाल पेन्सिल घरंगळत आत गेली म्हणून ते रांगत गेले होते, एवढं कळलं. पेन्सिल हातात होती, तरी माणूस उताणा पडून वर बघत होता.

"नाना, बरं वाटत नाहीये का?"

"म्याडम, बाजंचे दहा भाग धरा," आतून आवाज आला. "कुरडयांनी किती झाकले?"

मी वाकून बघितलं. "सहा असतील."

"खालून मला बी सहाच दिसत्यात. गोल गोल सावल्या. आता वरून बघा. जाळीनं किती झाकले?"

"जाळी तर सगळ्या बाजेवर आहे. दहा."

"मला हितून जाळी दिसतच नाय. पार डोळे बारीक करून बघितलं तवा कुठं कळलं. सहा अन् दहा किती?"

"सोळा."

"अन् बाज?"

"दहाच."

मग नाना म्हणाले, "मंग मी इतके दिवस जाळी चार कशी लिहिली?"

मला एकदम उमगलं. ढग एकाखाली एक असतात. खालचे सहा असले म्हणजे वरचे चारच असतील असं नाही, ते दहाही असू शकतात. नाना एकूण ढग बघत, खालचे बघत, मधले बघत, आणि उरतील ते वरचे म्हणून लिहीत. वरच्या ढगासाठी त्यांनी डोळे ताणलेच नव्हते. बेरीज जुळली पाहिजे, आणि ती जुळवायला एक रकाना हाताशी होता.

मी हसायच्या बेतात होते. नाना बाहेर आले, अंगावरची माती झटकली, टाकीला टेकून बसले आणि वही पहिल्या पानापासून उलटायला लागले. त्यांचा चेहरा बघून माझं हसू गेलं. एकशे त्रेसष्ट दिवस होते.

"वजा करून भरलंय, म्याडम," ते म्हणाले. "सगळं वजा करून भरलंय."

त्या दिवशी त्यांनी नोंद केली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी कुसाबाई मला म्हणाल्या, "चिमटे बी मोजत नाय आता. मला करमंना, म्हणून मीच मोजले."

चौथ्या दिवशी नाना आले आणि म्हणाले, ते पत्र काढा. मला वाटलं फाडायला सांगतील. त्यांनी त्याच्या जागी दुसरं सांगितलं. वाल्मीक गायखे यांच्या एकशे त्रेसष्ट नोंदींमधला वरच्या ढगांचा रकाना मोजलेला नसून वजाबाकीचा आहे, तो खराब धरावा. मात्र नोंदी फेकू नयेत, खराब कागदसुद्धा हिशेबात ठेवायचा असतो. मी ते जसंच्या तसं इंग्रजीत केलं आणि लगेच पाठवलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, की कळवल्याबद्दल आभार, तशी खूण करून ठेवली आहे, पुढच्या नोंदींची वाट बघतो. मी खुशीत ते वाचून दाखवलं. नानांचा चेहरा तसाच राहिला.

"ते झालं," ते म्हणाले. "आता दुसरं राहिलंय. तुम्ही चला संगं. साक्षीदार पाहिजे."

सहादू आहेर दारातल्या कुंडीतल्या वांग्याला पाणी घालत होता. नानांना बघून त्याने झारी खाली ठेवली, पण या म्हणाला नाही. नानांनी वही पुढे केली. मला वाटलं होतं, नाना आधी ढग, उपग्रह, बाज असं काहीतरी सांगून मुद्द्यावर येतील. ते तडक बोलले.

"तुला मी बायंडिंगला पाठवला. आता मी बी तेच केलं, एकशे त्रेसष्ट दिवस. तुझा आकडा तरी बरोबर होता. माझा तो बी नव्हता."

नऊ वर्षांनंतरचं पहिलं बोलणं ते एवढंच. सहादूने चष्मा लावला आणि दारात उभ्या-उभ्याच वही उघडली. एकेक पान बघत, बोटाने रकाना धरून खाली येत, त्याने अर्धी वही बघितली. नाना शाळेत उभं केलेल्या पोरासारखे उभे. मला राग येत होता, नक्की कोणाचा ते ठरत नव्हतं. शेवटी सहादूने वही मिटली.

"ठेवून जा," तो म्हणाला, आणि आत गेला.

जिना चढताना नाना मला दोनदा म्हणाले की वही अशी दुसऱ्याकडे ठेवायची नसते. तिसऱ्यांदा म्हणाले नाहीत. घरी जाऊन ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, असं कुसाबाईंनी सांगितलं. मला त्यांची फार दया आली, आणि मी जिथे तिथे कोणालाही उपक्रमात घालते ती सवय मोडायची असं मी ठरवलं. ती काही मोडली नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. दुपारी एकला कुसाबाईंनी नानांना हाताला धरून गच्चीवर नेलं. "वही नसली तर नसली, नुसतं बघा तरी," म्हणाल्या. मीही गेले. पश्चिमेकडून कापसासारखे ढग येत होते आणि त्यांच्या वर, डोळे बारीक केले तरच दिसेल असा, पांढरा पातळ पडदा होता. एक वीसला जिन्यात पावलं वाजली. प्रत्येक मजल्यावर थांबत, धापा टाकत, कोणीतरी चढत होतं. नाना आभाळाकडे बघत राहिले, पण मजले ते मोजत होते, मला त्यांचे ओठ दिसत होते.

सहादू वर आला आणि त्याने वही नानांच्या हातात दिली. नानांनी ती उघडली. कोऱ्या राहिलेल्या प्रत्येक पानावर सहादूने पट्टीने रकाने आखून ठेवले होते, आणि शेवटी एक नवा रकाना वाढवला होता. त्यावर लिहिलं होतं, पडताळणी.

नानांनी मान वर केली. इतका वेळ त्यांना आभाळाकडे बघताना मी कधी पाहिलं नव्हतं. ते सरकले, टाकीच्या सावलीत गेले, हाताने सूर्य झाकला, पुन्हा बघितलं. मग लिहिलं. एकूण नऊ. खालचे तीन. मधले काही नाहीत. इथे पेन्सिल थांबली. त्यांनी परत एकदा वर बघितलं आणि वरच्या ढगांच्या रकान्यात आठ लिहिले. त्यांनी वही सहादूकडे वळवली.

सहादूने आकडे बघितले. तीन आणि आठ अकरा होतात हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

"वजा करीसन का देखीसन?" त्याने विचारलं.

"बघून," नाना म्हणाले.

सहादूने स्वतः मान वर केली आणि बराच वेळ आभाळ बघितलं. मग त्याने खिशातलं पेन काढलं, आणि न जुळणाऱ्या बेरजेपुढे सही केली.